बाहेरून, जोरात आणि दिसेल असं

मे महिन्यात जळगावची भिंत संध्याकाळी सातलासुद्धा टेकू देत नाही. दिवसभर पंचेचाळीस अंश पिऊन बसलेली असते. म्हणून आमच्या कोपऱ्यावर, जिथं तीन घरांच्या कंपाउंडच्या भिंती एकत्र येतात, तिथं एक जुनं गोणपाट कायमचं टाकलेलं आहे. त्यावर पहिला कोपर टेकला की सभा भरली. अलीकडे मी, पलीकडे आक्का आणि तिसऱ्या अंगाला जिजी. आक्कांचं माहेर धुळ्याचं, देवपूरचं. एरवी बोलतात तुमच्याआमच्यासारखं, पण राग आला की अहिराणीवर येतात. जिजी यावलकडच्या, केळीवाल्यांच्या घरातल्या. आणि आक्कांच्या मागे ओट्यावर, प्लास्टिकच्या खुर्चीत, नाना. नानांनी तीस वर्षं विमा विकला. आता विकत नाहीत, नुसता समजावतात. "विकताना एवढं समजावलं असतं तर निम्मी गिऱ्हाइकं पळाली असती," असं आक्कांचं म्हणणं.

परवा आक्का धुळ्याहून चुलतबहिणीच्या यजमानांचं वर्षश्राद्ध आटोपून आल्या. गेल्या मे महिन्यात ते मोटारसायकलवरून फागण्याच्या पुढे पडले आणि जागीच गेले. वय अठ्ठेचाळीस. आक्का खाटेवरचे वाळलेले बिबडे पत्र्याच्या डब्यात भरत होत्या, पण भरण्याचा आवाज नेहमीचा नव्हता. दर चार बिबड्यांमागे एक मोडत होता.

"काय झालं हो आक्का?" मी विचारलं.

"विम्याचं पत्र उनं," आक्का म्हणाल्या. म्हणजे राग होता. "पाच लाख दिधात, वरना पाच लाख नही म्हने!"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पॉलिसी पाच लाखांची. अपघातानं मेला तर दुप्पट, असं घेतानाच ठरलेलं. कंपनीनं मूळ रक्कम आणि बोनस दिला आणि अपघाताचे पैसे नाकारले. आता घरात तीन पक्ष पडलेत. दीर म्हणतो, वहिनीनं अर्ज नीट भरला नाही. सासू म्हणते, एजंटानं मधल्या मध्ये खाल्ले. नणंद काही म्हणत नाही, पण श्राद्धाच्या पंगतीत तिनं वहिनीच्या पानात पुरणाचा मांडा वाढताना हात आखडता घेतला. हे आक्कांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

"एजंटानं काही खाल्लं नाही," खुर्चीतून आवाज आला. "पोस्टमॉर्टेम केलं होतं का, ते विचार."

आक्कांचा हात डब्यात थांबला. "कोण करू देतो? सासू गडाबडा लोळत होती. माझ्या लेकराची चिरफाड नको म्हणे. चार शहाण्या माणसांनी मिळून ठरवलं, ओळखीच्या डॉक्टरांचा दाखला घेतला, दुपारी चारला अग्नी दिला."

"पोलिसांत नोंद?"

"घरचाच माणूस, घरचीच गाडी, समोर दुसरी गाडी नाही. कुणावर करायची नोंद?"

"दाखल्यावर काय आहे?"

"हृदयक्रिया बंद पडून."

"मग झालं," नाना म्हणाले. "हृदय तर शंभरीच्या म्हाताऱ्याचंही बंदच पडतं. ते का बंद पडलं, हे कुणी लिहिलं आहे?"

आक्कांनी डब्याचं झाकण दाणकन लावलं. "मरना हाई समदास्ले दिखनं, कसा मरना हाई कागदले दिखनं नही!"

नानांना तीस वर्षांत जे एका वाक्यात सांगता आलं नाही, ते आक्कांनी असं रागाच्या भरात सांगून टाकलं.

जिजींना मात्र मुळातूनच समजून घ्यायचं होतं. "पण नाना, माणूस गाडीवरून पडला, मेला. याला अपघात नाही म्हणायचं तर मग अपघात म्हणायचं कशाला?"

नाना खुर्ची ओढत भिंतीजवळ आले. अपघाती लाभाचं जे कलम असतं, त्यात तीन अटींची माळ असते. इंग्रजीतून जशीच्या तशी उचललेली. मृत्यूचं कारण बाह्य पाहिजे, हिंसक पाहिजे आणि दृश्य पाहिजे. शिवाय मृत्यू थेट त्याच कारणानं आणि फक्त त्याच कारणानं झाला पाहिजे. "सोप्या भाषेत सांगायचं तर बाहेरून आलं पाहिजे, जोरात आलं पाहिजे आणि चारचौघांना दिसलं पाहिजे."

"आखाजीला आलेल्या जावयासारखं," जिजी म्हणाल्या.

हसणं आटोपल्यावर नाना म्हणाले, "अगदी तसंच. आता धुळ्याच्या पाहुण्यांचं घ्या. गाडीवरून पडले म्हणून हृदय बंद पडलं, की हृदय बंद पडलं म्हणून गाडीवरून पडले? पहिलं असेल तर अपघात, दुसरं असेल तर आजार. रस्त्यावर पडलेला माणूस दोन्हीकडे सारखाच दिसतो."

आणि हा काही नानांचा तर्क नव्हता. छत्तीसगडमधून असंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. गृहस्थ मोटारसायकलवर होते, छातीत दुखायला लागलं, पडले, हृदयविकाराच्या झटक्यानं वारले. पत्नीनं अपघाताचे पैसे मागितले. एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयानं सांगितलं की पडल्यामुळे झालेल्या इजेनं मृत्यू आला असं दाखवणारा पुरावा नाही, तेव्हा अपघाताचा लाभ नाही. विम्याची मूळ रक्कम मिळाली, वरची नाही.

"म्हणजे आमच्यासारखंच," आक्का पुटपुटल्या.

"तुमच्यासारखंच नाही. त्यांच्याकडे कारण शोधून झालं होतं. तुम्ही शोधूच दिलं नाही. तुमचा माणूस कदाचित खड्ड्यानंच मेला असेल. छातीची फासळी आत घुसली असेल, डोक्याला मार असेल. आता कोण सांगणार? राखेचं पोस्टमॉर्टेम होत नाही."

जरा कठोर बोलले नाना. आक्का गप्प झाल्या. पण मग नानांनी जे सांगितलं ते ऐकून मलाही गोणपाटावरचा कोपर काढून सरळ उभं राहावंसं वाटलं. ३ जून २०१४ ची सकाळ आठवते का, म्हणाले. गोपीनाथ मुंडे दिल्लीत विमानतळाकडे निघाले होते, त्यांच्या गाडीला दुसऱ्या गाडीची धडक बसली. त्यांना एम्समध्ये नेलं. तिथं हृदय बंद पडलं, पुन्हा सुरू झालंच नाही. वरून पाहावं तर एवढ्या मोठ्या घातासारखं अंगावर काही नव्हतं. शवविच्छेदन केलं तेव्हा कळलं की यकृत फाटलं होतं, पोटात रक्तस्राव झाला होता आणि मानेच्या मणक्याला मार होता. "केंद्रात मंत्री असलेल्या माणसाचंही हृदयच बंद पडलं," नाना म्हणाले. "पण ते का बंद पडलं, हे कागदावर आलं. त्यांचंच नाव पुढे शेतकऱ्यांच्या अपघात विम्याला दिलं."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मेहरूणच्या बाजूनं वाऱ्याची एक झुळूक आली, तीही गरमच.

शांतता जिजींना मानवत नाही. त्यांनी डास मारला आणि त्यावरूनच पुढचा प्रश्न काढला. "डास बाहेरून येतो. दिसतो. त्यानं माणूस मेला तर?"

तर नाही. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तोही प्रश्न निकालात काढला आहे. चहाच्या कारखान्यातला आपला एक माणूस आफ्रिकेत मोझांबिकला नोकरीला गेला आणि तिथं मलेरियानं मेला. घरच्यांचं म्हणणं, डास चावणं हा अपघात. जिल्ह्यापासून वरपर्यंतच्या ग्राहक मंचांनी ते मानलंही होतं. न्यायालय म्हणालं, जिथं मलेरिया घरोघरी होतो तिथं तो होणं अनपेक्षित कसं? तो आजार आहे, अपघात नाही.

"आणि ऊन?" जिजींनी आकाशाकडे बोट दाखवलं, जणू आरोपी तिथंच उभा होता.

उन्हाचंही झालं आहे. बिहारमध्ये निवडणुकीच्या बंदोबस्तावरचा एक शिपाई उष्माघातानं मेला होता. तो दावा तेवीस वर्षं फिरत फिरत फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. उष्माघात त्या 'बाह्य, हिंसक, दृश्य' कलमात बसत नाही, असं उत्तर आलं.

"भुसावळच्या उन्हापेक्षा हिंसक काय असतं हो?" जिजी म्हणाल्या. "माझा भाऊ सांगतो, दुपारी केळीचं पानसुद्धा मान टाकतं."

पण न्यायालयाचा मलेरियाचा हिशेब लावला तर खान्देशात ऊन हेच सगळ्यांत अपेक्षित. म्हणजे जे आपल्याला रोज मारतं, त्याला अपघात म्हणता येत नाही. नाना म्हणाले, म्हणून उन्हासाठी साधा आयुर्विमाच लागतो. तो मेला का एवढंच विचारतो. कसा मेला, हे फक्त अपघाताचा विमा विचारतो.

"मग साप?" मी विचारलं. पाऊस आता पंधरा दिवसांवर आला होता आणि आमच्या मागच्या पडीक प्लॉटमध्ये दरवर्षी एक तरी निघतोच.

सापाचं नाव निघालं आणि जिजींनी पदर खोचला. त्यांच्या भावाच्या सालदाराची गोष्ट. केळीला पाणी द्यायला लाईट रात्रीची, म्हणून हा रात्री एकला बागेत. वाफ्यात पाय ठेवला आणि काहीतरी चावलं. काय चावलं ते दिसलं नाही. वस्तीवरच्या लोकांनी आधी शेजारच्या गावातल्या भगताकडे नेलं. त्यानं लिंबं कापली, धागा बांधला, पहाट केली. दवाखान्यात पोचले तेव्हा संपलं होतं. घरचे म्हणाले, चला आता परत, माती देऊ. जिजींचा भाऊ आडवा पडला. म्हणाला, सिव्हिलला न्या, पोस्टमॉर्टेम झाल्याशिवाय हलवायचं नाही. बायको त्याच्या अंगावर धावून गेली. भगताच्या नादानं घालवलेली रात्र तिनं त्याच्या माथी मारली. पण त्यानं ऐकलं नाही. पायावरच्या दोन दातांच्या खुणा कागदावर आल्या. सालदाराचं बँकेत खातं होतं, त्यातून वर्षाला वीस रुपये कापले जात होते. तीन महिन्यांनी बायकोच्या खात्यात दोन लाख आले.

"आज ती त्यालाच राखी बांधते," जिजी म्हणाल्या.

आक्का डब्याकडे बघत होत्या. मला वाटलं ते त्यांनाही वाटलं असणार. देवपुरातल्या चार शहाण्यांनी मिळून पाच लाख जाळले, आणि केळीच्या बागेतल्या एका हट्टी माणसानं सालदाराच्या बाईला दोन लाख मिळवून दिले.

ती वीस रुपयांची म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. ९ मे २०१५ ला सुरू झाली तेव्हा वर्षाला बारा रुपये होते, १ जून २०२२ पासून वीस झाले. वय १८ ते ७०. अपघातानं मृत्यू आला किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हातपाय गेले तर दोन लाख, एक डोळा किंवा एक हातपाय गेला तर एक लाख. रस्ता, रेल्वे, बुडणं, गुन्हा यात पोलिसांची नोंद लागते. साप चावला, झाडावरून पडला तर दवाखान्याचा तेव्हाचा कागद चालतो. "तेव्हाचा," नानांनी बोट वर केलं. "चार दिवसांनी मागून आणलेला नाही. आणि डॉक्टरला साप दिसला नसेल तर तो 'अननोन बाईट' लिहितो. लिहू द्यावं. पण अंधारात, बागेत, पाणी देताना, पायाला, एवढं लिहायला लावावं."

"भगताचा कागद चालत नाही का?" आक्कांनी विचारलं. आता ठीक होत होत्या.

शेतकऱ्यांसाठी आणखी एक आहे. मुंड्यांच्या नावाची. २००५-०६ पासून वेगवेगळ्या नावांनी चालली, मध्ये विमा कंपन्या होत्या. कंपनी दावे फेटाळायची, लोक ग्राहक मंचात जायचे. १९ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयानं कंपन्यांना बाजूला काढलं आणि सरकारच थेट अनुदान देऊ लागलं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. वय १० ते ७५. सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातला एक माणूस. मृत्यूला दोन लाख. हप्ता एक रुपयासुद्धा भरायचा नाही. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, तीस दिवसांच्या आत. निर्णय तहसीलदारांच्या समितीचा. वीज पडली, विहिरीत पडला, मोटारीचा शॉक बसला, फवारणी करताना विष अंगात गेलं, साप, विंचू, पिसाळलेलं कुत्रं, हे सगळं त्यात आहे.

"बाळंतपणात बाई गेली तर तेही आहे," नाना म्हणाले.

"हं," जिजी म्हणाल्या. "म्हणजे सरकारला शेवटी कळलं की तोही अपघातच."

"आणि खून?"

"खूनही आहे. पण ज्याला पैसे मिळायचे त्या जवळच्या माणसानंच केला असेल तर नाही."

आक्कांनी नानांकडे बघितलं. "बरं झालं सांगितलंत."

फवारणीचं नीट ऐकण्यासारखं होतं. कपाशीवर फवारणी करताना भोवळ येऊन गेलेला माणूस आणि जाणूनबुजून औषध प्यालेला माणूस, दोघांच्या पोटात सापडतं ते एकच. एक अपघात, दुसरी आत्महत्या. व्हिसेराचा अहवाल यायला महिनोन् महिने जातात आणि तोवर दावा लटकतो. तिथं पंचनामा बोलतो. पंप पाठीवर होता का, बाटली कुठं होती, अंगावरचे कपडे ओले होते का. घाईत कुणी पंप धुऊन ओसरीवर उभा केला की पुरावाही धुतला गेला. आत्महत्येला साध्या आयुर्विम्यातसुद्धा पहिल्या बारा महिन्यांत पूर्ण पैसे नसतात. पुढे मिळतात, पण अपघाताचे कधीच नाहीत.

सालदाराला मात्र मुंड्यांची योजना नाही, कारण त्याचा सातबारा नाही. इथं जिजींनी किनगावचं काढलं. १५ फेब्रुवारी २०२१ ची मध्यरात्र. पपईनं भरलेला ट्रक, पपईवर बसलेले मजूर, यावल तालुक्यातल्या किनगावजवळ ट्रक उलटला. पंधरा जण फळांखाली दबून गेले. बहुतेक रावेर तालुक्यातले, एकेका घरातले दोनदोन. पंतप्रधान निधीतून वारसांना दोन दोन लाख जाहीर झाले, पण ती मदत होती, हक्क नव्हे. पपई दुसऱ्याची, ट्रक तिसऱ्याचा, मजुराची फक्त मजुरी. अशांसाठीच ते वीस रुपये, असं नाना म्हणतात. आणि अज्ञात गाडीनं उडवून पळ काढला तर सरकारकडून मिळणारी भरपाई १ एप्रिल २०२२ पासून पंचवीस हजारांवरून दोन लाख झाली आहे. आमच्या जळगावात शहराच्या मधून महामार्ग जातो. त्या रस्त्यावर माणसं किती गेली आणि समांतर रस्त्यांसाठी लोक किती वेळा रस्त्यावर बसले, हे जळगावकराला सांगायला नको. पण ही दोन लाखांची गोष्ट शंभरात पाच जणांनाही माहीत नसेल, हे मी पैजेवर सांगते. आमच्या कोपऱ्यावरच तिघींना माहीत नव्हती.

"आणि उडी मारली तर?" मी विचारलं. माझ्या डोळ्यांसमोर पुष्पक एक्स्प्रेस होती.

२२ जानेवारी २०२५. लखनौहून मुंबईला निघालेली पुष्पक पाचोऱ्याजवळ, माहेजी आणि परधाडे या दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली. डब्याला आग लागल्याची आवई उठली, कुणी साखळी ओढली, लोक रुळावर उतरले. बाजूच्या रुळावरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. डझनभर माणसं क्षणात गेली. त्या दिवशी जळगावातल्या प्रत्येक घरात हाच विषय होता. आग नव्हतीच. मग आपणहून खाली उतरलेल्या माणसाचा मृत्यू अपघात की स्वतःची चूक?

नानांना बहुधा हाच प्रश्न हवा होता. अपघाताच्या कलमाचा जन्मच मुळी रेल्वेत झाला, म्हणाले. १८४९ च्या सुमारास लंडनमध्ये रेल्वे प्रवाशांचा विमा उतरवणारी कंपनी निघाली. तिकिटाबरोबर पहिल्या वर्गाला तीन पेन्स दिले की त्या एका प्रवासापुरता विमा. आज आपल्याकडे ऑनलाइन आरक्षण करताना एक चौकोन येतो, पंचेचाळीस पैसे आणि मृत्यूला दहा लाख. लोक तो न वाचताच पुढं जातात. जनरलच्या तिकिटाला तो चौकोनही नाही.

"पण उडीचं?" जिजींनी रुळावर आणलं.

रेल्वेचा कायदा वेगळा. तिथं गाडी, प्रवासी आणि दुर्घटना एवढं दिसलं की रेल्वेची जबाबदारी येते. आत्महत्या, स्वतःला करून घेतलेली इजा, गुन्हा, नशा, आजारपण असे मोजकेच अपवाद. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं की स्वतःला करून घेतलेली इजा म्हणायची तर तसा इरादा असावा लागतो, नुसता हलगर्जीपणा पुरत नाही. तिकीट सापडलं नाही म्हणून दावा आपोआप मरत नाही. आणि भरपाई आठ लाख. "भीतीनं खाली उतरलेल्याचा मरायचा इरादा नव्हता," नाना म्हणाले. "तो जगायलाच उतरला होता."

एवढ्यात आतून कुकरची शिट्टी झाली आणि आक्का म्हणाल्या, माझी डाळ आहे, पण बोलणं तोडू नका. मग बोलणं हप्त्यावर गेलं, कारण आमच्या गल्लीत हप्ता चुकवण्यात माझ्या घरचा पहिला नंबर आहे. नानांनी ऑक्टोबर २०२१ चा एक निकाल सांगितला. एका माणसानं एप्रिल २०११ मध्ये पॉलिसी घेतली, ३ लाख ७५ हजारांची, अपघात झाला तर आणखी तेवढेच. सहा महिन्यांचा हप्ता ऑक्टोबरमध्ये चुकला. ६ मार्च २०१२ ला अपघात झाला. ९ मार्चला घरच्यांनी धावत जाऊन हप्ता भरला. २१ मार्चला तो गेला. मूळ रक्कम मिळाली, अपघाताची नाही. कारण अपघात झाला त्या दिवशी पॉलिसी बंद होती. नंतर भरलेला हप्ता मागे जाऊन अपघाताला शिवत नाही.

"तीन दिवसांनी!" मी म्हटलं.

"पाच महिन्यांनी," नाना म्हणाले. "सवलतीचे तीस दिवसही त्याआधीच संपले होते. मासिक हप्ता असेल तर ते पंधराच. लोक अपघातानंतरचे तीन दिवस मोजतात, आधीचे पाच महिने मोजत नाहीत. आणि अपघाती लाभाचा हप्ता किती? हजारी रुपया. पाच लाखांना वर्षाचे पाचशे. लोक तो नको म्हणतात आणि पाचशेची शेवभाजी खाऊन येतात."

आक्का डाळ बघून परत आल्या होत्या. त्यांना एक जुनी शंका होती, ती त्यांनी जिजींना हळूच विचारली, पण नानांनी ऐकली. वारस कोण लावला आहे? त्या धुळ्याच्या पॉलिसीत लग्नाआधीचं नाव होतं, आईचं. म्हणून मिळालेले पाच लाखसुद्धा सासूच्या खात्यात गेले. नणंदेचा आखडता हात आणि दिराचा आवाज यामागं खरं हे होतं. लग्न झालं, दोन मुलं झाली, घर बांधलं, पण पॉलिसीवरचं नाव काही कुणी बदललं नाही.

"आणि कार्ड," नाना म्हणाले. "जनधन खात्याच्या रुपे कार्डावरही अपघाताचा विमा असतो. २८ ऑगस्ट २०१८ नंतरच्या खात्यांना दोन लाख. पण अपघाताच्या आधीच्या नव्वद दिवसांत ते कार्ड एकदा तरी वापरलेलं हवं."

जिजी म्हणाल्या, आमच्या गावात बायका ती कार्डं देव्हाऱ्यात ठेवतात. हळदकुंकू लागलेली.

अंधार पडला. गोणपाट अजून कोमट होतं. आक्कांनी मला बिबड्यांचा एक पुडा भिंतीवरून दिला आणि म्हणाल्या, मोडके निवडून दिलेत, राग मानू नको. मी विचारलं, धुळ्याला काय सांगणार? त्या म्हणाल्या, काय सांगू? आता ग्राहक आयोगात जा म्हणते. दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंत फी नाही. पुण्यात विमा लोकपाल आहे, तिथंही पैसे लागत नाहीत. नानांनी मान हलवली. कंपनी विचारते ते आयोगही विचारणार. कागद आणा. रस्त्यावर ज्यांनी उचललं त्यांचे जबाब, पहिल्या दवाखान्याच्या रजिस्टरमधली नोंद, मोडलेल्या गाडीचे फोटो. राखेखालून जेवढं निघेल तेवढं.

घरी आले. ह्यांनी विचारलं, एवढा वेळ काय चाललं होतं? मी म्हटलं, तुमचा वारस कोण आहे ते बघत होते. त्यांनी मोबाइलवरून मान वर केली नाही, पण पॉलिसीची फाइल कुठं आहे ते मुकाट्यानं सांगितलं.

फाइल उघडली. वारस मीच आहे. हप्ता एक थकला आहे, तो दुसऱ्या दिवशी भरला.

तुम्हाला एवढंच सांगते. त्या वीस रुपयांच्या विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मेला संपतं. कुठल्याही कारणानं मृत्यू आला तरी दोन लाख देणारी तिची बहीण आहे, प्रधानमंत्री जीवनज्योती, वय १८ ते ५०, वर्षाला ४३६ रुपये. दोन्ही मिळून ४५६. पैसे बँकेच्या खात्यातून आपोआप जातात, पण खात्यात असले तर जातात. तुमच्याकडे सालदार असेल, घरकामाला बाई येत असेल, दूधवाला असेल, तर ३१ मेच्या आत त्यांच्या खात्यात ४५६ रुपये आहेत का, एवढं विचारा. नसतील तर तुम्ही टाका. आणि उद्या कुणाच्या दारात तशी वेळ आलीच, तर रडणाऱ्यांना रडू द्या, पण त्या गर्दीतला एक जण तुम्ही व्हा, जो म्हणेल, आधी सिव्हिलला न्या.